रिपोर्ट बनतो, पण पोचत नाही: एकाच तक्रारीमागची चार दुखणी

पहाटे पावणेसातला म्हापशाच्या गोडाऊनमधून फोन आला की काय झालंय ते मला उचलायच्या आधीच कळतं.

"आयज रिपोर्ट आयलो ना."

गोडाऊन सांभाळणारे काका कोकणीत बोलतात, मी मराठीत उत्तर देतो, अशी आमची जुनी रीत. मग मी फोंड्याला बसून सर्व्हर उघडतो, काहीतरी खटपट करतो, सव्वासातला फाइल हाताने टाकतो आणि साडेसातला व्हॅन निघते. उशीर झाला तर काका कालच्या यादीवर माल भरतात आणि दुपारी अर्धा माल परत येतो.

आमचा धंदा किराणा, साबण, बिस्किटं दुकानांपर्यंत पोचवण्याचा. हेड ऑफिस फोंड्याला, गोडाऊनं म्हापसा, मडगाव, साखळी आणि काणकोणला. रोज पहाटे साडेपाचला एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस, म्हणजे एसएसआरएस, प्रत्येक गोडाऊनसाठी साठा आणि ऑर्डरींची एक्सेल फाइल बनवून फोंड्याच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतं. गोडाऊनवाले व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडून, तो फोल्डर उघडतात. ठरल्या वेळी रिपोर्ट आपोआप बनवून पाठवायच्या अशा नेमणुकीला सबस्क्रिप्शन म्हणतात, आमच्याकडे एकूण ११ आहेत. साधी गोष्ट, पण एप्रिल ते ऑगस्ट या काळात ती पुन्हा पुन्हा अडली आणि प्रत्येक वेळी मी ती 'सोडवली'.

गुंता सुटला तो सर्व्हरवरच्या लॉगमुळे, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाच्या ज्या नोंदी ठेवतो त्यांमुळे नाही, काकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे. ऑगस्टच्या शेवटी, चवथ तोंडावर असताना मी म्हापशाला गेलो होतो. रिपोर्ट न आलेल्या प्रत्येक दिवसाला काकांनी लाल पेनाने गोल केला होता. त्यांचा हेतू तांत्रिक नव्हता. परत आलेल्या मालाचा दोष आपल्यावर येऊ नये म्हणून शेटना दाखवायला तो पुरावा होता. पाच महिन्यांत ११ गोल. मी मोबाईलवर फोटो काढला आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये तारखा मोजत बसलो.

लॉगमध्ये हे का दिसलं नाही, तेही सांगतो. एसएसआरएसचे ट्रेस लॉग मुळात १४ दिवसच राहतात, मग ते स्वतःच पुसले जातात. डेटाबेसमधला एक्झिक्युशन लॉग ६० दिवस राहतो, पण त्यात रिपोर्ट तयार झाला की नाही एवढंच कळतं. आमच्याकडे जवळजवळ सगळ्या दिवशी तिथे 'आरएस सक्सेस' असंच होतं. स्वयंपाक झाला, ताट वाढलं, पण वाढणाऱ्याला पंगतीत शिरू दिलं नाही. आत काय झालं ते या लॉगमध्ये दिसतं, दारावर काय झालं ते दिसत नाही. १४ दिवसांच्या आठवणीत सहा आठवड्यांनी येणारं दुखणं सापडणार कसं?

आधी एवढंच बघा

वेब पोर्टलवर रिपोर्टच्या 'मॅनेज'मध्ये जाऊन सबस्क्रिप्शनची यादी उघडा. तिथे शेवटचं कधी चाललं ती वेळ आणि निकालाचं एक वाक्य असतं. सर्व्हर रिस्टार्ट करायची घाई होते, माझीही व्हायची, पण या दोन रकान्यांनी रस्ता वेगळा होतो.

वेळ कालचीच असेल तर आज सबस्क्रिप्शन सुरूच झालं नाही. फोल्डर, पासवर्ड, परवानगी यांत डोकं घालू नका, घड्याळ लावणारा झोपलाय. वेळ आजची आणि वाक्यात 'फेल्युअर रायटिंग फाइल' असेल तर रिपोर्ट बनला आणि टाकताना अडला. वेळ आजची आणि फाइल लिहिली असंही म्हणतोय, पण गोडाऊनवाल्यांना ती दिसत नाही, तर फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडते आहे किंवा समोरचा माणूस जुनी फाइल उघडून बसलाय.

आता कॅलेंडरवरचे गोल.

२२ एप्रिल, २ जून, १४ जुलै, २२ ऑगस्ट

या चार तारखांमधलं अंतर ४१, ४२ आणि ३९ दिवस. बस बाणस्तारीच्या पुलावर अडकली होती म्हणून मोजायला वेळ मिळाला. ४२ हा आकडा बघितल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. विंडोज डोमेनच्या, म्हणजे ऑफिसची सगळी लॉगिनं एका जागी सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, मूळ पॉलिसीत पासवर्डची कमाल मुदत ४२ दिवसांचीच असते. आणि ११ सबस्क्रिप्शनांत फोल्डरवर लिहिण्यासाठी ज्याचं लॉगिन टाकलेलं होतं, तो माणूस मीच.

असं व्हायचं: मुदत संपत आली की विंडोज टुमणं लावायचं, मी संध्याकाळी पासवर्ड बदलायचो. सबस्क्रिप्शनमध्ये साठवलेला पासवर्ड जुनाच राहायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे रिपोर्ट सर्व्हर माझं नाव आणि जुना पासवर्ड घेऊन फोल्डरच्या दारावर उभा, आणि दार बंद. निकालाच्या वाक्यात लॉगऑन फेल झाल्याचं लिहिलेलं असायचं. मी म्हणायचो, "अरे हो, काल पासवर्ड बदलला ना," आणि ११ ठिकाणी नवा टाकायचो. दहा मिनिटांचं काम. बिघाडाला मी चक्क कामाच्या यादीत बसवलं होतं. जुलैत तर दहाच ठिकाणी टाकला, साखळीचं एक राहिलं, आणि साखळीवाले बिचारे आठवडाभर गप्प बसून फोनवरून आकडे विचारत होते.

उपाय सोपा आहे. या कामासाठी डोमेनमध्ये वेगळं खातं काढा, ते कुठल्याही माणसाचं नको. त्याला त्या एका फोल्डरवर लिहिण्या-बदलण्याची परवानगी द्या, बाकी कुठलीच नको. पासवर्ड लांबलचक ठेवा, मुदत काढून टाका आणि तो कधी बदलायचा ते आपण ठरवा. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून रिपोर्टिंग सर्व्हिसेस कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये 'सबस्क्रिप्शन सेटिंग्ज' नावाचं पान आहे. तिथे हे खातं एकदाच भरायचं आणि प्रत्येक सबस्क्रिप्शनमध्ये 'फाइल शेअर अकाउंट वापरा' हा पर्याय निवडायचा. पासवर्ड बदलायचा झाला तर एकाच जागी. आम्ही इतकी वर्षं ते पान उघडलंच नव्हतं.

एक मोह टाळा. घाईत डोमेन ॲडमिनचं लॉगिन टाकलं की सगळं लगेच चालतं. चालणारच, घराच्या सगळ्या किल्ल्या दूधवाल्याला दिल्या तर दूध आतपर्यंत येतंच.

खातं बरोबर आहे का ते कसं तपासायचं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. आपण आपल्या लॉगिनने फोल्डर उघडतो, तो उघडतो, आणि आपण म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय." सर्व्हर म्हणजे आपण नव्हे. रिपोर्ट सर्व्हरच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'रनॲज' कमांडने त्या नव्या खात्याच्या नावाने दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिच्यातून एखादी टेक्स्ट फाइल त्या पाथवर कॉपी करा. मग तीच फाइल पुन्हा कॉपी करा, म्हणजे जुन्यावर नवी लिहिता येते का तेही कळेल. शेवटी ती पुसा. तिन्ही जमलं तर फोल्डरच्या बाजूने काम फत्ते.

कॉपी करताना 'ॲक्सेस इज डिनाइड' आलं तर पासवर्ड बरोबर आहे, परवानगी कमी आहे. विंडोजवर शेअर्ड फोल्डरला परवानग्यांचे दोन थर असतात, एक शेअरचा आणि एक आतल्या फोल्डरचा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींमधली जी कडक असेल ती लागू होते. आत सगळे हक्क दिलेले आणि शेअरवर मुळातली 'एव्हरीवन, रीड' तशीच राहिलेली, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता आधी तोच बघतो. शेअरवर 'चेंज', आत 'मॉडिफाय', एवढं पुरतं.

पाथही नीट बघा. सुरुवातीला दोन बॅकस्लॅश, मग सर्व्हरचं नाव, मग शेअरचं नाव. झेड ड्राइव्ह चालत नाही. तो झेड तुमच्या लॉगिनला जोडलेला असतो, सर्व्हिसला तो माहीतच नसतो. आणि फोल्डर आधीपासून असायला हवा. एसएसआरएस फाइल ठेवतं, फोल्डर बनवत नाही. महिना बदलला की नव्या महिन्याच्या नावाच्या फोल्डरात फाइल जावी अशी मडगाववाल्यांची हौस होती. १ तारखेला फोल्डर करायचं कोणीतरी विसरायचं. ती हौस बंद केली.

शनिवारचे तीन गोल

हे शोधायला मशीनची गरजच लागली नाही, म्हापसा माहीत असावं लागतं. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. गावोगावचे दुकानदार त्या दिवशी येतात, जाता जाता गोडाऊनला हिशेब चुकते करतात, नवी ऑर्डर सांगतात. काउंटरवर रात्री आठपर्यंत एक्सेल उघडं. दमलेला माणूस मॉनिटर बंद करतो आणि घरी जातो. कॉम्प्युटर चालू, फाइल उघडी, तीही थेट फोंड्याच्या फोल्डरमधून.

आमचं सबस्क्रिप्शन 'ओव्हरराइट'वर, म्हणजे जुन्या फाइलवरच नवी लिहायची या पर्यायावर होतं, नाव रोज तेच. शनिवारी पहाटे सर्व्हर त्या नावावर लिहायला जायचा आणि फाइल कोणीतरी धरून ठेवलेली असायची. लिहिता येत नाही म्हणजे नाहीच. मी येईपर्यंत काउंटरवाल्याने एक्सेल बंद केलेलं असायचं, मी पुन्हा चालवायचो, चालायचं, आणि मी 'नेटवर्कचा झटका असेल' म्हणून सोडून द्यायचो.

फाइलच्या नावात ॲट-टाइमस्टॅम्प (@timestamp) टाका, म्हणजे रोज वेगळ्या नावाची फाइल पडते आणि उघड्या फाइलशी गाठच पडत नाही. 'फाइल आधीच असेल तर नंबर वाढवा' हाही पर्याय आहे, पण गोडाऊनवाल्यांना शेवटी ३ आकडा असलेली नवी की ४ असलेली, हे समजावत बसावं लागतं. तिसरा पर्याय 'ओव्हरराइट करू नका' हा. त्यात जुनी फाइल तशीच राहते आणि लोक ती आजची समजून माल भरतात. आमच्यासारख्या कामात हा सगळ्यात घातक, कारण त्यात फोनसुद्धा येत नाही.

टाइमस्टॅम्पने फोल्डरात ढीग जमतो. सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसायचं एक छोटं काम टास्क शेड्युलरमध्ये लावलंय. काकांनी पहिल्या दिवशी कुरकुर केली, "नांव बदल्लां." मग मी त्यांच्या डेस्कटॉपवर फोल्डरचा शॉर्टकट दिला, तारखेनुसार नवी फाइल वर. आता तक्रार नाही.

लाईट गेल्याच्या रात्री

उरलेले चार गोल जून-जुलैचे. ते पावसाशी जुळतात हे काकांनीच सांगितलं, त्यांना ते आधीपासून माहीत होतं. आमच्या यूपीएसवर २० मिनिटं निघतात. त्यापुढे सर्व्हर बंद, लाईट आली की आपोआप चालू.

सर्व्हर चालू व्हायचा, डेटाबेस चालू व्हायचा, पोर्टल उघडायचं, सगळं हिरवं. पण शेड्युल सोडणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट बंदच. इन्स्टॉल करताना एजंटचा स्टार्टअप प्रकार मुळात 'मॅन्युअल' असतो आणि आम्ही तो कधी बदललाच नव्हता. तुम्ही सबस्क्रिप्शन सेव्ह करता तेव्हा रिपोर्ट सर्व्हर एजंटमध्ये एक जॉब तयार करतो. वेळ झाली की तो जॉब रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसमधल्या 'इव्हेंट' टेबलात एक ओळ टाकतो. रिपोर्ट सर्व्हर मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर १० सेकंदांनी ते टेबल बघतो, ओळ दिसली की कामाला लागतो. एजंटच झोपलेला, तर ओळ टाकणार कोण? पोर्टलवर शेवटची वेळ कालची दिसते आणि चुकीचा एकही संदेश नसतो, कारण चूक व्हायला काही घडावं तरी लागतं.

सर्व्हिसेसमध्ये जाऊन एजंट 'ऑटोमॅटिक' करा. आमचं डोमेनचं मशीन जुनं, उठायला वेळ लावतं, म्हणून रिपोर्ट सर्व्हरची सर्व्हिस 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' ठेवली. तीन गोल इथे मिटले.

चौथा मात्र त्याच रात्रींपैकी एकीचा, पण वेगळा. त्या दिवशी सबस्क्रिप्शन चाललं होतं आणि नेटवर्क पाथ सापडत नाही असं म्हणत होतं. फोल्डर ज्या जुन्या मशीनवर आहे, त्याला आयपी पत्ता राउटरकडून मिळायचा. लाईट गेली, आली, मशीन उठलं आणि शेवटचा आकडा बदलला. आणि आमच्या एका शहाण्याने, म्हणजे पुन्हा मीच, म्हापशाच्या सबस्क्रिप्शनांच्या पाथमध्ये मशीनच्या नावाऐवजी आकडे टाकले होते, कारण त्या दिवशी नाव सापडत नव्हतं आणि मला घरी जायचं होतं. पाथमध्ये नाव टाका आणि राउटरवर त्या मशीनचा पत्ता राखून ठेवा, दोन्ही करा.

दुरुस्ती करताना नवं दुखणं लावून घेऊ नका

सर्व्हिस अकाउंट, म्हणजे ज्या खात्याखाली रिपोर्ट सर्व्हर चालतो ते, किंवा त्याचा पासवर्ड बदलायचा असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसच्या खिडकीतून बदलू नका. रिपोर्टिंग सर्व्हिसेस कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच बदला. साठवलेले सगळे पासवर्ड एका किल्लीने कुलूपबंद असतात आणि ती किल्ली सर्व्हिस अकाउंटशी बांधलेली असते. हात घालायच्या आधी 'एन्क्रिप्शन कीज'च्या पानावरून किल्लीचा बॅकअप घ्या आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका. किल्ली गेली तर साठवलेली लॉगिनं पुसून पुन्हा भरावी लागतात, ११ नव्हे, डेटा सोर्ससकट (रिपोर्ट जिथून माहिती घेतो त्या जोडण्यांसकट) सगळी.

मेलबद्दल थोडक्यात. शेटना रात्रीचा सारांश मेलने जातो. तिथे एसएमटीपी सर्व्हर (मेल पाठवणारा सर्व्हर), पाठवणाऱ्याचा पत्ता आणि गरज असेल तिथे लॉगिन हे त्याच कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये भरायचं. तात्पुरती अडचण आली तर सर्व्हर मुळातल्या सेटिंगप्रमाणे ९०० सेकंदांच्या अंतराने तीन वेळा पुन्हा प्रयत्न करतो, तेव्हा पहिल्या मिनिटाला घाबरू नका. पोर्टलवर नुसतं 'कॉन्फिगरेशन एरर' दिसलं तर त्यातून काही कळत नाही. त्या वेळेचा ट्रेस लॉग उघडा, खरं कारण तिथे दोन-तीन ओळी खाली असतं. लॉग १४ दिवसांत जातो हे लक्षात ठेवून त्याच दिवशी बघा.

ऑरॅकल रिपोर्ट्स सर्व्हर, म्हणजे रिपोर्ट बनवणारं ऑरॅकलचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठीही एक. पूर्वी पणजीला एका ठिकाणी मी तो सांभाळायचो. तिथे कुठे पाठवायचं ते डेसटाइप, नेमकं ठिकाण डेसनेम आणि कुठल्या रूपात ते डेसफॉरमॅट. पण प्रिंटरवर जाणारा रिपोर्ट अडला की कारण बरेचदा हेच. सर्व्हिस लोकल सिस्टम खात्याखाली चाललेली आणि नेटवर्क प्रिंटर तुमच्या लॉगिनला जोडलेला. तुमच्या स्क्रीनवर दिसणारा प्रिंटर सर्व्हरला दिसतोच असं नाही. सर्व्हिसला प्रिंटर जोडलेलं खातं द्या. एसएसआरएसमध्ये मुळात थेट प्रिंटरला पाठवायची सोयच नाही. फाइल टाका आणि छापायचं काम गोडाऊनवर सोपवा.

राहिला मालकीचा प्रश्न. प्रत्येक सबस्क्रिप्शनला एक मालक असतो, ज्याने ते बनवलं तो. तो माणूस नोकरी सोडतो, त्याचं डोमेन खातं बंद होतं, आणि एक दिवस निकालाच्या रकान्यात 'हे नाव ओळखता येत नाही' असा संदेश येतो. पासवर्ड बरोबर, फोल्डर बरोबर, एजंट जागा, तरीही काम बंद. आमच्याकडे अकाउंट्सच्या ताई निवृत्त झाल्या तेव्हा हे घडलं असतं, पण त्यांचं खातं बंद करायचं राहून गेलं होतं म्हणून वाचलो. कोणी जायच्या आधी त्याच्या नावावर काय काय आहे ते बघा आणि पोर्टलवरून मालक बदलून घ्या. बदलल्यावर पहाटे साडेपाचची वाट बघत बसू नका. रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये 'रिपोर्ट शेड्युल' टेबलात सबस्क्रिप्शनसमोर जो लांबलचक शेड्युल क्रमांक असतो, एजंटमधल्या जॉबचं नाव तेच. तो जॉब उजव्या क्लिकने सुरू करा, थोडं थांबा आणि फोल्डरात फाइल पडली का ते त्याच संध्याकाळी बघा.